कारभारी, गुरकार, कैकारन

‘स्टुअर्डशिप’ या शब्दाला मराठीत काय म्हणावं, हा प्रश्न माझ्यासमोर आला तो बेंगळुरूमध्ये, एका चर्चच्या दोन पानी पत्रकामुळे. पत्रक इंग्रजी, कन्नड, तमिळ आणि कोकणीत आधीच तयार होतं. त्या भागात वसईकडून नोकरीनिमित्त आलेली काही मराठी कुटुंबं राहतात; त्यांच्यासाठी मराठी प्रत हवी, असं त्यांच्यातल्याच एका गृहस्थांनी मला सांगितलं. मी ख्रिस्ती नाही. पण कन्नड-मराठी भाषांतर हा माझा रोजचा धंदा, आणि तौलनिक साहित्याच्या पदवीचा उपयोग होण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत, म्हणून मी हो म्हटलं.

मजकूर साधा होता. प्रत्येक कुटुंबाने आपला वेळ, आपलं कौशल्य आणि आपला पैसा यांचा काही भाग धर्मग्रामासाठी द्यावा, सोबतच्या फॉर्मवर कोणतं काम जमेल तिथे खूण करावी. वाचन, गायन, फुलं, रुग्णभेट, हिशेब, वाहनांची व्यवस्था. वेळ-कौशल्य-पैसा हे त्रिकूट अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या १९९२च्या एका पत्रानंतर जगभर पसरलं. मराठी कान लगेच ‘तन-मन-धन’ म्हणतो, आणि पत्रकात ते खपूनही गेलं. पण अडचण मुख्य शब्दाची होती.

बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरात या माणसाला ‘कारभारी’ म्हटलं आहे. मूळ ग्रीक शब्द ‘ओइकोनोमॉस’, म्हणजे घराची व्यवस्था पाहणारा. ‘इकॉनॉमी’ त्याच घरातली. जुन्या तमिळ बायबलमध्ये तो ‘उक्किराणक्कारन’ होतो, म्हणजे कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत तो कोठीवाला. कन्नडमध्ये ‘मनेवार्तेयवनु’, घरचा कारभार पाहणारा. प्रत्येक भाषेने आपल्या घरातला एकेक माणूस उचलून तिथे उभा केला आहे. मराठीने उचललेला माणूस मात्र जरा गुंतागुंतीचा. कारभारी म्हटलं की पुण्याची बारभाई आठवते, सखारामबापू आणि नाना फडणीस आठवतात. मालक अल्पवयीन किंवा दुबळा असताना ज्याच्या हाती सगळं असतं तो कारभारी. आणि खेड्यातली बाई नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते, तेव्हा घर खरं कोण चालवतं हे दोघांनाही माहीत असतं.

वसईच्या गृहस्थांना ‘कारभारी’ नको होता. “कारभार म्हटलं की माणसाला घोटाळा आठवतो. ‘विश्वस्त’ लिहा,” असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं नाही. लूकच्या शुभवर्तमानातला सर्वांत प्रसिद्ध कारभारी घोटाळेबाजच आहे. नोकरी जाणार हे कळल्यावर तो धन्याच्या ऋणकोंना बोलावतो. शंभर मापं तेलाच्या जागी पन्नास लिहायला लावतो, शंभर मापं गव्हाच्या जागी ऐंशी. म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा हिशेब दुसऱ्याच कुणाच्या हाती असतो तेव्हा काय होतं, हे त्या परंपरेला पहिल्यापासून ठाऊक होतं. पत्रकात शेवटी ‘विश्वस्तपण’ छापलं गेलं. माझ्याकडे मात्र प्रश्न उरला: हे काम आपल्याकडे करणारे लोक पत्रकाच्या आधी चारशे वर्षं होते, त्यांना काय म्हणत असत? त्यांचं काम पगारी नव्हतं, मग ते का करत? आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवी?

सुरुवात गोव्यापासून करावी लागते, आणि ती सुरुवात सुखाची नाही.

गोव्याच्या गावात जमीन गावकारीची असे. मूळ वसाहतकार घराण्यांचे पुरुष वंशज म्हणजे गावकार. जमीन लिलावाने कसायला द्यायची, बांध-बंदिस्ती करायची, सरकारची पट्टी भरायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाची ‘जोण’ वाटायची, अशी ती पद्धत. पोर्तुगीजांनी १५२६च्या सनदेत हे रिवाज लिहून काढले आणि बरेचसे तसेच चालू ठेवले. देवळाचा खर्चही गावकारीतूनच चाले. पुजारी, वाजंत्री, सुतार, झाडलोट करणारे यांच्यासाठी जमिनी राखून ठेवलेल्या असत. १५४०मध्ये तिसवाडी बेटावरची देवळं पाडली गेली. पुढच्याच वर्षी, जून १५४१मध्ये, फेर्नांव रोद्रिगिश द काश्तेलु ब्रांकु या महसूल अधिकाऱ्याने गावकारांना बोलावून देवळांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांच्या खर्चासाठी मिळवून घेतलं. कागदावर ही गावकारांची संमती आहे. देऊळ नुकतंच पाडलं गेलेल्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे वाचकाला मी सांगायला नको.

पण इतिहास इथे एका चमत्कारिक वळणाने जातो. उत्पन्न देवळाचं चर्चकडे गेलं, तरी ते सांभाळणारी माणसं पुष्कळदा त्याच घराण्यांतली राहिली. बाप्तिस्मा घेतलेले गावकार आता चर्चच्या ‘फाब्रिका’चे आणि ‘कोंफ्रारिया’चे कारभारी झाले. फाब्रिका म्हणजे चर्चच्या इमारतीची आणि मालमत्तेची व्यवस्था पाहणारं मंडळ. कोंफ्रारिया म्हणजे एखाद्या संताच्या किंवा पवित्र संस्काराच्या नावाने बांधलेला बंधुसंघ. त्याचा अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, मुखत्यार हे सगळे गृहस्थ, धर्मगुरू नव्हेत. सणाचा खर्च, मेणबत्त्या, वाजंत्री, मेलेल्या सभासदासाठी मिस्सा, त्याची अंत्ययात्रा, विधवेला मदत, हे त्यांचं काम. पैसे, दागिने आणि कागद ज्या पेटीत ठेवत तिला तीन कुलपं असत आणि तीन किल्ल्या तिघांकडे. तिघे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. ही पोर्तुगीज पद्धत गावकारीच्या पेटीलाही लागू होती. उद्या कुणी मला विश्वासाची व्याख्या विचारली तर मी ही पेटी दाखवीन; तिघांवर विश्वास आहे, एकट्यावर कुणावरही नाही.

किल्ल्यांच्या वर आणखी एक पहारा होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १७ सप्टेंबर १५६२च्या बाविसाव्या बैठकीत ठरवून टाकलं की चर्चची फाब्रिका, रुग्णालयं, बंधुसंघ, दानपेढ्या यांचे व्यवस्थापक, मग ते धर्मगुरू असोत की गृहस्थ, यांनी दर वर्षी बिशपला हिशेब द्यायचा. वेदान्तावर नव्हे, वहीखात्यावर लिहिलेलं हे कलम मला त्या सगळ्या परिषदेतलं सर्वांत माणसाळलेलं वाटतं. पुढे साष्टीत इंग्रज जेज्विट फादर स्टीफन्स मराठीतून ‘ख्रिस्तपुराण’ रचत होते. ते १६१६मध्ये रायतूरला छापलं गेलं. आपण मराठीच्या इतिहासात त्या ग्रंथाचं कौतुक करतो ते योग्यच. पण पुराण ऐकायला जमलेल्या लोकांच्या डोक्यावरचं छप्पर कुणी शाकारलं, हे हिशेबाच्या वह्यांत असतं, आणि त्या वह्या साहित्याच्या इतिहासात येत नाहीत.

या मंडळांची काळी बाजूही लपवण्यासारखी नाही. बऱ्याच कोंफ्रारिया जातीच्या होत्या. सभासद समारंभाला ओपामूस घालून निघत, म्हणजे पायघोळ झगा आणि वर खांद्यावरची आखूड पडदणी. अनेक गावांत तिचा रंग कोण कुठल्या थरातला हे सांगत असे. मिरवणुकीत छत्र कुणी धरायचं, मुख्य सण कुणाचा आणि दुय्यम सण कुणाचा, यावरून भांडणं झाली. काही गावांत त्यांचे पडसाद आपल्या काळापर्यंत आले. सेवा हा मान झाला की तो मान वारसाहक्काने मिळू लागतो. तमिळ मुलखात तर याहून पुढे गेलं. तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुळम् इथे १८७२मध्ये दोन पाखांचं चर्च बांधलं गेलं, दोन जातींनी एकमेकांना न पाहता एकाच वेदीकडे पाहावं म्हणून. मधली भिंत १९१०मध्ये पाडली गेली तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं. ज्यांनी चर्चला पैसा आणि श्रम दिले तेच भिंतीच्या बाजूने उभे होते. स्वयंसेवेचं गुणगान करणाऱ्या पत्रकांत वडक्कनकुळम् कधी येत नाही.

(जाता जाता: पोर्तुगीज सरकारने १८८६मध्ये हिंदू देवळांच्या महाजनांसाठीही नियमावली केली. चर्चच्या फाब्रिकेची शिस्त आणि देवळाच्या महाजनकीची शिस्त ताडून पाहणारं एखादं चांगलं मराठी पुस्तक मला वाचायला आवडेल.)

गोव्यातून दक्षिणेकडे कानडा किनाऱ्यावर गेलेल्या कॅथलिकांनी फाब्रिका सोबत नेली, पण तिथे त्यांना दुसरं एक पद मिळालं. ते स्थलांतर अनेक कारणांनी, अनेक लाटांनी झालं: धर्मन्यायालयाचा जाच, दुष्काळ, करांचा बोजा, आणि १६८३ची संभाजीराजांची गोव्यावरची स्वारीही. मंगळुरूच्या आसपासच्या तुळू मुलखात मोगवीर, बिल्लव अशा समाजांचा एक प्रमुख असतो, ‘गुरिकार’. मूळ कन्नड शब्द, अर्थ म्होरक्या. कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती वाड्यांनीही आपल्या म्होरक्याला तेच नाव दिलं: गुरकार. चालचलणूक चांगली, शब्दाला वजन, असा वाड्यातला माणूस. तंटे मिटवायचे, चर्चची वर्गणी गोळा करायची, धर्मगुरूचा निरोप घरोघर पोचवायचा, कुणी अत्यवस्थ असेल तर धर्मगुरूला बोलावून आणायचं, आणि मृत्यू झाला की पुढचं सगळं बघायचं. आपल्याकडे ‘बिनपगारी फुल अधिकारी’ ही थट्टा आहे. गुरकार शब्दशः तसा होता.

या पदाची कसोटी कधी लागली असेल, याचा विचार करताना मला नेहमी श्रीरंगपट्टण आठवतं. २४ फेब्रुवारी १७८४ला टिपू सुलतानाच्या हुकमाने कानड्यातल्या कॅथलिकांची धरपकड झाली. किती जणांना नेलं याचे आकडे तीस हजारांपासून ऐंशी हजारांपर्यंत सांगितले जातात. मी त्या वादात पडत नाही. धर्मगुरूंना आधीच गोव्याकडे हाकलून दिलेलं होतं, बहुतेक चर्च जमीनदोस्त झाली. पुढची पंधरा वर्षं, ४ मे १७९९ला किल्ला पडेपर्यंत, हे लोक धर्मगुरूंविना होते. मुलं जन्मली, लग्नं झाली, माणसं मेली. बाप्तिस्म्याचं पाणी कुणीतरी ओतलंच, प्रार्थना कुणीतरी म्हटल्याच, आणि ते कुणीतरी म्हणजे गृहस्थ स्त्री-पुरुषच असणार, दुसरं कुणी तिथे नव्हतं. परतलेल्यांनी मंगळुरूकडे पुन्हा वाडे बसवले, चर्च उभारली, आणि गुरकारही पुन्हा नेमले गेले. आज बेंगळुरूतल्या मंगळूरकर कुटुंबांत आजोबा गुरकार होते हे अजून अभिमानाने सांगतात. शहरातल्या अपार्टमेंटला वाडा नसतो, त्यामुळे पद मात्र गावाकडेच राहिलं.

वसईबद्दल मराठी वाचकाला मी नवं काय सांगणार! १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, मिशनरी संघ निघून गेले, चर्चच्या घंटा हत्तींवरून घाटावर गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या अजून आहेत. आपण त्या घंटांची गोष्ट विजयाची म्हणून सांगतो. ज्यांची घंटा गेली त्यांनी दुसऱ्या रविवारी काय केलं, हे आपण विचारत नाही. ते प्रार्थनेला गेले. मागे राहिलेले देशी धर्मगुरू थोडेच होते, आणि मराठ्यांनी उपासनेला मनाई केलेली नव्हती. १७६०च्या सुमारास आंकेतील द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. पुढे १७७१मध्ये अवेस्ताचं फ्रेंच भाषांतर छापणारा तोच. ठाण्याला हजारो ख्रिस्ती लोक जमलेला एक सण त्याने पाहिला, मराठी अंमलात, बिनधास्त चाललेला. दोन-चार धर्मगुरूंच्या बळावर हजारोंचा सण होत नाही. मांडव घालणारे, रांग लावणारे, वर्गणी काढणारे हात तिथे होते. त्यांची नावं आंकेतीलने लिहिली नाहीत, मला ती शोधूनही सापडायची नाहीत.

वसईचं खरं मोठं काम मात्र १९१८चं. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी त्या वर्षी तिथल्या कॅथलिकांची पतसंस्था सुरू केली. तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक. केळी, पानवेल, भाजीपाला आणि फुलं पिकवणारा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकलेला होता. १९०४ आणि १९१२च्या सहकारी कायद्यांनी वाट मोकळी केली होती. रांचीकडे फादर हॉफमन या जर्मन जेज्विटाने १९०९मध्येच आदिवासी कॅथलिकांची पतसंस्था उभी केली होती. या सगळ्यामागे जर्मनीतल्या रायफायझेनचा विचार होता: संस्था एका गावापुरती, सभासद एकमेकांना ओळखणारे, आणि व्यवस्थापन बिनपगारी. फक्त हिशेबनिसाला मानधन. धर्मग्राम या विचाराला साच्यासारखा बसतो, कारण रविवारी सगळे एकमेकांना दिसतात. कर्ज थकवलेला माणूस मिस्साला शेवटच्या बाकावर बसतो, असं वसईत थट्टेने म्हटलेलं मी ऐकलं आहे. तीन किल्ल्यांच्या पेटीची ही विसाव्या शतकातली आवृत्ती. पुढे त्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पाणी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी लोकांना रस्त्यावर आणलं, तेव्हा राखायच्या वस्तूंच्या यादीत विहिरीही आल्या.

आता बेंगळुरू.

शिवाजीनगरच्या सेंट मेरी बॅसिलिकाचा उगम एका गवती झोपडीत सांगतात. तमिळ मुलखातून, जिंजीच्या बाजूने आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ती बांधली आणि तिला ‘काणिक्कै मादा’चं मंदिर म्हटलं. जिंजी म्हटलं की आपल्याला राजाराम महाराजांचा वेढा आठवतो. त्याच मुलखातली ही साधी माणसं. काणिक्कै म्हणजे देवाला वाहिलेली भेट. म्हणजे बेंगळुरूच्या सर्वांत गजबजलेल्या चर्चचं पहिलं नावच देणगीवरून पडलं, आणि ती देणाऱ्यांमध्ये कुणी धर्मगुरू नव्हता. धर्मगुरू नंतर आले. त्यांतले प्रसिद्ध म्हणजे आबे द्युब्वा. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर म्हैसूरच्या विस्कटलेल्या ख्रिस्ती समाजाची घडी बसवायला ते आले, देवीची लस त्या भागात पोचवायला त्यांनी हातभार लावला. हिंदूंच्या चालीरीतींवरच्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथाचा बराच भाग त्यांच्या आधीच्या पेर केर्दु या जेज्विटाचा होता, हे फ्रेंच संशोधिका सिल्विया म्यूर यांनी १९८७मध्ये दाखवून दिलं. दुसऱ्याच्या ठेवीचा कारभार कागदावरही करावा लागतो, एवढंच भाषांतरकार म्हणून नोंदवते.

१८०९मध्ये इथे इंग्रजांची छावणी पडली. तिच्यामागे तमिळ मुलखातून स्वयंपाकी, शिंपी, मोतद्दार, आया आले. आपल्याकडे फुकटच्या परोपकाराला ‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ म्हणतात; या लोकांचा तो पोटापाण्याचा धंदाच होता, आणि दिवसाच्या भाकऱ्या भाजून झाल्यावर उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशात त्यांनी चर्च चालवली. आजचं गॉथिक मंदिर ८ सप्टेंबर १८८२ला पवित्र करण्यात आलं. दर वर्षी त्याच तारखेला, मरियेच्या जन्मदिनी, रथ निघतो. आधीचे नऊ दिवस रस्ता भगव्या साड्यांनी भरलेला असतो. त्यांत हिंदू बायका पुष्कळ. मूर्तीलाही साडी नेसवलेली असते. दोर धरून उभे राहिलेले स्वयंसेवक तमिळ, कन्नड, इंग्रजी आणि उर्दूत एकच वाक्य दिवसभर ओरडतात: पुढे सरका. गेल्या दहा-बारा वर्षांत मी बहुतेक वेळा त्या गर्दीत होते, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्या दोरवाल्याने मला सांगितलं की त्याच्या वडिलांनीही हाच कोपरा सांभाळला.

केरळी सिरियन कॅथलिकांनी इथे आपला शब्द आणला: ‘कैकारन’. कै म्हणजे हात. पळ्ळियोगम्, म्हणजे चर्चच्या कुटुंबप्रमुखांची सभा, ज्यांना निवडून देते ते चर्चची मालमत्ता हाताळणारे. ही सभा पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनची. तिथे धर्मगुरूही सभेशी बोलून चालत असे. मला विचाराल तर सर्व शब्दांत हा शब्द सर्वांत नेमका आहे. त्यात विश्वासाचा दावा नाही, अधिकाराचा तोरा नाही, फक्त कुणाच्या हातात आहे एवढंच सांगितलं आहे.

इतके शब्द, इतके रिवाज एका शहरात आल्यावर भांडणं होणारच. बेंगळुरूच्या चर्चमध्ये मिस्सा कोणत्या भाषेत आणि किती वाजता, यावरून कन्नड आणि तमिळ भाषकांत दीर्घ आणि कडवट वाद झाले. त्यामुळे धर्मग्राम परिषदेवर कोण बसतो हा प्रश्न इथे केवळ सेवेचा राहत नाही. सकाळी साडेसहाची मिस्सा कुणाला आणि रविवारची साडेनऊची कुणाला, हे ज्या टेबलावर ठरतं त्या टेबलाशी जागा मिळवण्याचा तो प्रश्न असतो.

१९८३च्या चर्च कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची केली. आणखी एक कलम म्हणतं की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. ट्रेंटच्या वेळी हिशेब वर, बिशपकडे जात होता. आता तो खालीही यायला हवा, असा याचा अर्थ. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यामुळे देऊळ, चर्च अशा विश्वस्त संस्थांचे हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात, त्यामुळे आपल्याला हे फार नवं वाटत नाही. प्रत्यक्षात समिती सल्ला देते, सही धर्मगुरूची असते. चांगला धर्मगुरू समितीचं ऐकतो. न ऐकणाऱ्याचं काय करायचं, याला कायद्यात उत्तर आहे, पण ते लांबचं आहे, आणि स्वयंसेवक तेवढा वेळ थांबत नाही. तो येणं बंद करतो.

पत्रकाच्या निमित्ताने एका रविवारी मी दानपेटीची मोजणी पाहिली. लांब टेबल, नोटा सरळ करणाऱ्या सहा-सात बायका, नाण्यांचे दहा-दहाचे मनोरे, आणि रजिस्टरवर तिघांच्या सह्या. बायकांपैकी एकीही आर्थिक समितीवर नव्हती. गोव्याच्या कोंफ्रारियापासून चालत आलेल्या या सगळ्या इतिहासात मान आणि पदं पुरुषांची आहेत. वेदीची वस्त्रं धुणं, इस्त्री, फुलं, मुलांना धर्मशिक्षण, आजाऱ्यांकडे डबा ही कामं कुठल्याच पदाच्या नावाखाली येत नाहीत. ‘कारभारीण’ हा शब्द मराठीत आहे. बायबलच्या भाषांतरात मी तो कधी वाचला नाही.

सेंट व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नावाची सोसायटीही बऱ्याच धर्मग्रामांत भेटते. १८३३मध्ये पॅरिसमध्ये ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. सभासद गरिबांच्या घरी जोडीने जातात, आणि प्रत्येक सभेच्या शेवटी त्यांच्यातच एक पिशवी फिरते. कुणी किती टाकलं ते कुणाला दिसू नये म्हणून पिशवी, थाळी नव्हे. सणाच्या फलकावर देणगीदारांची नावं रंगवलेली असतात त्याच आवारात ही पिशवी फिरत असते. मला दोन्ही समजतात. फलकाशिवाय मांडव उभा राहत नाही.

मेलेल्यांना माती देणं हे ख्रिस्ती परंपरेतल्या दयेच्या सात कृत्यांपैकी एक. १४९८मध्ये लिस्बनमध्ये राणी लियोनोरच्या आश्रयाने निघालेला ‘मिझेरिकॉर्दिया’ हा बंधुसंघ गोव्यातही आला, आणि बेवारस प्रेतांना माती देणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक होतं. २०२० आणि २०२१मध्ये बेंगळुरूत तेच काम पुन्हा निघालं. महाधर्मप्रांताशी जोडलेल्या ‘हिअर आय ॲम’ या गटाच्या आणि शहरातल्या इतर गटांच्या स्वयंसेवकांनी कोविडने गेलेल्या सर्व धर्मांच्या माणसांचे अंत्यसंस्कार केले, ज्याचे त्याच्या रिवाजाप्रमाणे. अशा कामाला जाणाऱ्या एका कन्नड तरुणाशी माझी ओळख होती. मे २०२१मध्ये एका दुपारी त्याचा फोन आला. एक मराठी गृहस्थ गेले होते, पत्नी घरी अलग ठेवलेली, मुलगा पुण्यात अडकलेला. बाईंना धड कन्नड येत नव्हतं, आणि त्यांना काहीतरी विचारायचं होतं. त्याने तिघांचा फोन जोडला. बाई आधी काही बोलल्याच नाहीत. मग त्यांनी विचारलं, “खांदा द्यायला चौघे आहेत का?” मी कन्नडमध्ये विचारलं.

“नाल्कु जन इद्दीवि,” तो म्हणाला. चौघे आहोत, असं मी त्यांना सांगितलं.